पोलीस मित्र म्हणून नाव द्यावं का? (गणपती ते दिवाळी)

गच्चीवरचा

नमस्कार मंडळी. आम्ही डोंबिवलीत राहतो, स्टेशनपासून जरा लांब, पण विसर्जनाचा रस्ता आमच्या गेटवरूनच जातो. परवा पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक झाली. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मला जावं लागलं. मंडळांचे अध्यक्ष, माजी नगरसेवक, मशिदीचे विश्वस्त, वीज कंपनीचं कोणीतरी, असे सगळे होते. चहा झाला, 'सण शांततेत पार पाडू या' झालं आणि शेवटी साहेबांनी विषय काढला, की प्रत्येक मोठ्या सोसायटीने दहा-बारा नावं द्या, पोलीस मित्र म्हणून. ओळखपत्र, टी-शर्ट आणि शिट्टी मिळेल. गणपतीत सुरुवात, पुढे नवरात्रात आणि दिवाळीतही हीच माणसं.

घरी येऊन ग्रुपवर टाकलं आणि दोन तट पडले. एक गट म्हणतो, कर भरतो तो कशाला, बंदोबस्त हे पोलिसांचं काम. दुसरा गट इतका उत्साही, की बी विंगमधल्या एका गृहस्थांनी वॉकीटॉकीच्या किमतीसुद्धा काढल्यात. मला स्वतःला वाटतं मदत करावी. पण नेमकं करायचं काय, हे बैठकीत कोणी बोललंच नाही. 'गर्दीवर लक्ष ठेवा' म्हणजे काय? भांडण झालं तर मध्ये पडायचं? चोर दिसला तर धरायचा? उद्या काही झालं तर निस्तरायचं कोणी?

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी लिहा, आणि ज्यांना अशा लोकांचा ताप झालाय त्यांनीही लिहा. नावं द्यायला पुढच्या रविवारपर्यंत मुदत आहे.

झोपमोड

शिट्टी मिळणार असेल तर पहिली आमच्या कोपऱ्यावरच्या डीजेसमोर वाजवून बघा. कोणाला ऐकू गेली तर कळवा.

तिरकस

थोडक्यात, फुकटचे हात हवेत. होमगार्ड ही यंत्रणा आपल्याकडे १९४६ पासून आहे, मुंबईतच सुरू झाली. त्यांना प्रशिक्षण असतं, गणवेश असतो, ड्युटीच्या दिवसाचा भत्ता असतो. ती वाढवायची सोडून सोसायट्यांना टी-शर्ट वाटायचे. आणि काही बरंवाईट झालं की 'तो आमचा माणूस नव्हे' म्हणायला मोकळे. माझं मत विचाराल तर नावं देऊ नका.

मंजिरी_के

होमगार्डचा मुद्दा पटतो. पण विसर्जनाच्या रात्री घाटावर उभं राहून बघा एकदा.

आमच्या गावी नदीच्या घाटावर आम्ही काही बायका हरवलेल्या मुलांचं टेबल चालवतो. टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा जार, बिस्किटं आणि एक वही. शेजारी पोलिसांचा तंबू असतो. शिकत शिकत काही गोष्टी पक्क्या झाल्यात. स्पीकरवरून मुलाचं नाव, वय, कपडे काही म्हणजे काही सांगायचं नाही. फक्त 'एक मूल आमच्याकडे सुखरूप आहे, ज्यांचं असेल त्यांनी टेबलाशी यावं' एवढंच. आलेल्या माणसालाच विचारायचं, नाव काय, अंगात काय घातलंय, पायात काय. नाहीतर सगळी उत्तरं आपणच स्पीकरवरून वाटून बसतो. मग मूल ओळख दाखवतं का बघायचं, वहीत नोंद, ओळखपत्राचा फोटो, सही, पोलिसाच्या समोर ताबा.

एकदा एक मामा आले. पोरगं त्यांच्याकडे ढुंकून बघेना. मामा कळवळून सांगतायत, मी मामाच आहे हो. खरेच मामा होते, फुगा घेऊन दिला नाही म्हणून पोरगं रुसलं होतं. तरी आईला फोन लागेपर्यंत सोडलं नाही. मामा चिडले. चिडू देत.

लहान मुलांना आणणाऱ्यांनी घरूनच मनगटावर बॉलपेनने मोबाईल नंबर लिहावा. पाण्याच्या जवळ जाणार असाल तर मार्करने, बॉलपेनचा पुसला जातो. आणि बराच वेळ कोणी आलंच नाही तर पोलिसांमार्फत १०९८ ला, चाइल्ड हेल्पलाइनला, कळवायचं. स्वतःच्या घरी घेऊन जायचं नाही, कितीही दया आली तरी.

हे काम वर्दीतल्या माणसाने का करावं? उलट वर्दी बघून मूल आणखी रडतं.

तिरकस

हे मान्य. पण याला पोलीस मित्र म्हणत नाहीत, हे तुमचं टेबल झालं.

मंजिरी_के

नाव काहीही द्या हो.

निवृत्त_पॉइंट

खात्यात शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन बाहेर पडलो. आता घरी बसून टीव्हीवर मिरवणूक बघतो आणि बायकोला सांगतो, हा चुकीच्या जागी उभा आहे.

गणपतीच्या आधीच रजा बंद होतात. घरचा गणपती बायकोने बसवायचा, बायकोनेच पोचवायचा. बंदोबस्त लागला की तुम्हाला पॉइंट मिळतो, म्हणजे एखादा चौक, एखादा कोपरा. तिथून हलायचं नाही. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, चांगली गोष्ट झाली, पण सणाच्या बंदोबस्ताला घड्याळ नसतं. पुण्यात तर मिरवणूकच चोवीस तासांच्या पुढे जाते. महिला पोलिसांचे हाल आणखी वेगळे. पाणी पीत नाहीत त्या, कारण जायला जागा नसते.

आता मुद्द्याचं. पॉइंटवर जो उभा असतो तो बहुतेकदा बाहेरून आलेला असतो. मुख्यालयातून, दुसऱ्या जिल्ह्यातून, राज्य राखीव दलातून. त्याला तुमची गल्ली माहीत नाही. पुढे रस्ता निघतो की बंद आहे, कोणत्या घरात आजारी माणूस आहे, गेल्या वर्षी कोणाचं कोणाशी वाजलं होतं, कोणता पोरगा दोन पेग लागले की आपला राहत नाही. हे तुम्हाला माहीत असतं. ते सांगणारा एक माणूस शेजारी असला तर निम्मा ताण जातो. दोन मंडळांची पोरं समोरासमोर आली की मी काठीला हात लावायच्या आधी विचारायचो, 'हा कोणाचा?' बाप नाहीतर काका तिथे येऊन उभा राहिला की पोराचा आवाज आपोआप खाली येतो.

गच्चीवरचा, काय करायचं नाही ते आधी लिहून घ्या. चोर धरायचा नाही. नजरेत ठेवायचा आणि पॉइंटला सांगायचं. पाकीटमार एकटा नसतो, माल हातोहात पुढे गेलेला असतो. ज्याला तुम्ही धरता त्याच्या खिशात काही निघत नाही, आणि तोवर गर्दी त्याला बडवायला लागते. मग त्यालाच वाचवायला आम्ही धावायचं. प्यायलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही. आणि दोरी धरायची असेल तर ती मनगटाला गुंडाळायची नाही. कितीही सांगा, पोरं गुंडाळतातच, हात दुखतात म्हणून. लोंढा आला की दोरीबरोबर माणूस ओढला जातो. मुठीत धरा. क्षणात सोडता आली पाहिजे.

वाचनमात्र

निवृत्त_पॉइंट, तुमचा स्वतंत्र धागा हवा. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कायदेकानू

जबाबदारीचं विचारलंय म्हणून लिहितो.

पोलीस मित्राच्या ओळखपत्राने पोलिसांचा कुठलाही अधिकार तुमच्याकडे येत नाही. पिशवी तपासणं, आधार कार्ड मागणं, मोबाईल काढून घेणं, गाडीची चावी काढणं, यातलं काहीही करता येत नाही. पकडण्याचं म्हणाल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४३. तुमच्या डोळ्यांदेखत कोणी दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय पकडता येईल असा) आणि अजामीनपात्र गुन्हा केला तर कोणीही नागरिक त्याला पकडू शकतो, पण विनाकारण वेळ न लावता, आणि नव्या कायद्याप्रमाणे सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावं लागतं. नुसता संशय चालत नाही. हा अधिकार टी-शर्टाशिवायही तुम्हाला आहेच आणि टी-शर्ट घातल्याने तो तसूभरही वाढत नाही.

दुसरं, सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्यात लाठ्याकाठ्या, शस्त्रं बाळगायला बंदी असते. तेव्हा बांबू घेऊन गस्त घालणारा उत्साही स्वयंसेवक स्वतःच त्यात सापडू शकतो. वॉकीटॉकीवाल्या गृहस्थांनाही सांगा, कोणता संच परवान्याशिवाय चालतो ते आधी बघून घ्या.

गच्चीवरचा

त्यांना दाखवलं. म्हणाले, 'मग दुर्बीण चालेल का?'

रानजाई

ताप झालेल्यांनीही लिहा म्हटलंय, तर ही माझी बाजू.

नवरात्र. गरबा संपवून आम्ही तिघी मैत्रिणी मैदानाच्या गेटवर रिक्षा शोधत होतो. जाकीट घातलेला एक माणूस आला, पाठीवर 'पोलीस मित्र'. कुठून आलात, घरी माहीत आहे का, एवढ्या उशिरा असल्या कपड्यांत का, एकीला म्हणे मोबाईल दाखव. वर आमचा व्हिडिओ काढायला लागला. कोपऱ्यावर महिला पोलिसांची गाडी होती म्हणून निभावलं. त्यातल्या एका ताईने त्याला असा झापला की विचारू नका. दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार द्यायला गेलो तेव्हा कळलं, त्याचं ओळखपत्र जुनं होतं. मुदत कधीच संपलेली, पण कोणी परतच घेतलं नव्हतं.

त्यामुळे या 'मदती'बद्दल माझा हात आखडताच आहे. रात्री मोकळेपणी हिंडता यावं म्हणून बंदोबस्त असतो, आणि इथे बंदोबस्ताच्या नावाखाली कोणीही सोम्यागोम्या आमचा पालक होतो. नावं द्यायचीच असतील तर कार्डावर तारीख मोठ्या अक्षरात हवी, नंबर हवा, मुदत संपली की कार्ड जमा, आणि यादी ठाण्याच्या दारावर लावलेली. यातलं एकही होणार नसेल तर मी तिरकस यांच्या बाजूने.

भटकभवानी

+१. आमच्याकडे एकाने गाडीच्या काचेवर मोठ्ठं 'पोलीस' आणि त्याखाली मुंगीएवढं 'मित्र' लिहून घेतलंय. टोलनाक्यावर तोच मित्र मोठ्या रुबाबात पुढे होतो.

मंडळवाला

इथे दर वर्षी गणपतीच्या तोंडावर मंडळांना झोडायचा धागा येतो. हा अजून आलेला नाही, पण वळण दिसतंय म्हणून आधीच लिहितो. :)

आमच्या मंडपात कॅमेरे आहेत, रेकॉर्डिंग पोलिसांनी मागितलं की देतो. मूर्तीपाशी रात्रभर दोन कार्यकर्ते जागे असतात. बीट मार्शल, म्हणजे भागात गस्त घालणारे पोलीस, रात्री येतात, वहीवर सही करतात, कधी चहाही घेतात. वीजजोडणी अधिकृत, वाळूच्या बादल्या, अग्निशामक सिलिंडर, आत यायचा आणि बाहेर जायचा रस्ता वेगळा. ही सगळी कामं पोरं नोकरी सांभाळून करतात. आणि ज्या पोराला तुम्ही 'टपोरी' म्हणता तोच रुग्णवाहिका आली की ढोलपथक थांबवून गर्दीतून वाट काढून देतो. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर हे दर वर्षी दिसतं. तिथे कोणाच्या गळ्यात ओळखपत्र नसतं.

झोपमोड

रुग्णवाहिकेला वाट देता, उत्तम. आणि रुग्णवाहिकेत ज्याला घालायचं तो ज्या आवाजाने आडवा झाला त्याचं काय?

नियम साधा आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं, पण सवलत वेळेची असते, आवाजाची नाही. हे वाक्य मी लॅमिनेट करून ठेवलंय. एका वर्षी ११२ ला फोन केला. थोड्या वेळाने आवाज कमी झाला, आणि मग दारावर चार पोरं. 'काका, काही अडचण होती तर आम्हाला सांगायचं ना.' बोलणं गोड, पण माझं नाव त्यांना कोणी सांगितलं? तुमच्या सामुदायिक पोलिसिंगचा मला आलेला अनुभव एवढाच.

कायदेकानू

झोपमोड, यावर मुंबई उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२५ चा निकाल आहे. भोंग्यांच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख मागत बसू नका आणि ती आवाज करणाऱ्याला कळू देऊ नका, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय. कारण हेच, जे तुमच्या दारात घडलं.

मंडळवाला

झोपमोड काका, ती चार पोरं आमची असती तर मी स्वतः माफी मागायला आलो असतो. आवाजाचं मला मान्य आहे. लेझरचं तर त्याहून जास्त, डोळ्यांशी खेळ आहे तो. पण एक सांगतो. मंडळात आवाजावरून आतच भांडणं असतात. बाहेरून कोणी नुसतं 'बंद करा' ओरडलं की आतले सगळे एक होतात.

तात्या_सातारकर

तुमचा शहरी गोंधळ वाचून गंमत वाटली. गावाकडं हे काम पोलीस पाटील करतो, १९६७ चा कायदाच आहे त्याचा. त्याला मानधन थोडं आणि शिव्या फार. पण कोणाच्या घरी पाहुणा आलाय, कोणतं पोरगं बाहेरून मोटारसायकल घेऊन आलंय, त्याला ठाऊक. आमच्याकडं एक गाव एक गणपती आहे, त्यामुळं मिरवणुकीवरून मानापमानच नाही. पूर्वी व्हायचे, डोकी फुटायची.

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीची गडबड सुरू होती, वस्त्या लांब लांब. चोऱ्या होतात. ग्रामसुरक्षा दलाची पोरं गस्त घालतात. शिवाय फोनची यंत्रणा आहे. एका टोल फ्री नंबरला फोन करून बोललं की गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाईलवर तो आवाज एकाच वेळी जातो. बिबट्या आला, आग लागली, चोर आले, काहीही. दहा मिनिटात वस्ती जागी.

नदीकाठ

तात्या, वस्ती जागी होते हे खरं. जागी होऊन काय करते, हा खरा प्रश्न. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना लोकांनी ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. त्याआधी कित्येक दिवस व्हॉट्सअॅपवर अफवा फिरत होत्या. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचलेत पुन्हा तेच. चोर आल्याची अफवा, जागता पहारा देणारी गावं, आणि दोन साधू व त्यांचा ड्रायव्हर जिवानिशी गेले. दोन्ही ठिकाणी लोकांना मनापासून वाटत होतं की आपण गावाचं रक्षण करतोय.

सणाच्या दिवसांत अनोळखी माणसं येणारच. फुगेवाले, बहुरूपी, वासुदेव, झाडू-पणत्या विकणाऱ्या बाया. 'संशयित दिसला की कळवा' हे वाक्य मला म्हणूनच झोंबतं. संशयित दिसतो कसा? बहुतेकदा गरीब दिसतो.

तात्या_सातारकर

नदीकाठ, लाख बोललात. आमच्या पोलीस पाटलानं यावर एक नियम केलाय. फोनवर 'चोर' हा शब्द वापरायचा नाही. काय दिसलं ते सांगायचं. 'तीन माणसं, पांढरी गाडी, ओढ्याकडं उभी.' पुढं काय ते ठाण्याचं माणूस ठरवंल. पोरांच्या हातात बॅटऱ्या, कुऱ्हाडी नाहीत.

खाडीपलीकडे

धागा उत्तम चाललाय, पण सगळे दहा दिवसांबद्दलच बोलतायत. मी भिवंडीच्या शेजारी वाढलो, म्हणून थोडं सविस्तर.

भिवंडीत १९७० आणि १९८४ ला मोठ्या दंगली झाल्या. त्यानंतर तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. समित्या तेव्हाही असायच्याच, शांतता समिती म्हणून. त्यात पुढारी असायचे, वर्षातून एकदा चहा व्हायचा, जसा गच्चीवरचा यांनी वर्णन केलाय तसाच. फरक असा, की या नव्या समित्यांमध्ये त्या त्या गल्लीतली साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची, आणि बैठकीला बसणारा पोलीस म्हणजे त्या बीटचाच, त्या गस्तीच्या भागाचाच, शिपाई-जमादार. विषय दंगलीचे नसायचे. नळ, गटार, नवराबायकोचं भांडण, भाडेकरू, उधारी. त्या क्षुल्लक कज्ज्यांतून माणसं एकमेकांना नावाने ओळखायला लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ज्या गावाची सगळ्यांना धास्ती होती तेच गाव. पुढे मुंबईतही माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीची चळवळ सुरू झाली.

निवृत्त_पॉइंट यांचं 'हा कोणाचा?' हे त्यामुळेच चालतं, की विचारणारा आणि उत्तर देणारा एकमेकांना आधीपासून ओळखतात. मिरवणुकीच्या दिवशी टी-शर्ट वाटून ती ओळख होत नाही. म्हणून माझा सल्ला: नावं द्या, पण त्या बदल्यात काहीतरी मागा. तुमच्या बीटचा शिपाई कोण, त्याचं नाव, नंबर, आणि दिवाळीनंतरही महिन्यातून एकदा त्याच्याबरोबर बसणं. ते मिळत नसेल तर तुम्ही निव्वळ वाढपी आहात.

वाचनमात्र

खाडीपलीकडे, दंडवत. 'वाढपी' तर फारच.

अर्धा_इंजिनिअर

गर्दीबद्दल कोणीच लिहीत नाहीये म्हणून. चोऱ्या-भांडणांपेक्षा मला तीच भीती जास्त वाटते.

एक चौरस मीटर जागेत दोन-तीन माणसं असतील तर नीट चालता येतं. चारच्या पुढे रेटारेटी सुरू. सहा-सातला पोचलं की तुम्ही स्वतःच्या पायांनी चालत नसता, गर्दी पाण्यासारखी वाहते आणि तुम्ही तिच्यात. माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरतात असं आपण म्हणतो, पण पुष्कळशी उभ्या उभ्या गुदमरतात, छाती फुगायला जागा राहत नाही म्हणून. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुंबईत एल्फिन्स्टन रोड (आताच्या प्रभादेवी) स्टेशनच्या पादचारी पुलावर २३ जण गेले. सकाळची वेळ, पाऊस, लोक जिन्यातच थांबलेले आणि मागून गाड्या रिकाम्या होतच राहिलेल्या. सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या यात्रेत २००५ च्या जानेवारीत अडीचशेच्या वर माणसं गेली, तिथे तर पायऱ्या नारळाच्या पाण्याने निसरड्या झाल्या होत्या.

स्वयंसेवकाचं काम इथे आहे आणि ते गर्दीच्या पुढे नाही, मागे आहे. पुढे काय झालंय ते मागच्याला दिसत नाही, तो ढकलतच राहतो. म्हणून दोनशे पावलं मागे उभं राहून येणारी माणसं थांबवायची, दुसऱ्या गल्लीत वळवायची. पुढे उभं राहून 'मागे व्हा, मागे व्हा' ओरडून काही होत नाही. आणि तुम्हीच गर्दीत अडकलात तर हात छातीसमोर घ्या, तेवढीच श्वासाला जागा. खाली पडलेली चप्पल, मोबाईल उचलायला वाकू नका.

मंजिरी_के

अर्धा_इंजिनिअर, 'दोनशे पावलं मागे' हे आमच्या घाटावर पोलिसांना सांगणार आहे. आम्ही सगळे पाण्याच्या काठाशीच गोळा होतो.

कोळीवाडा

काठावरून आठवलं. २०१३ ला गिरगाव चौपाटीवर विसर्जनात पाकटांनी (शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे) लोकांना डसून डसून हैराण केलेलं. बंदोबस्त सगळा जमिनीवर, संशयित पाण्यात! समुद्रात उतरणारच असाल तर पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चला, पाकट आधीच सरकतं. लागलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि दवाखाना गाठा. त्याहून बरं म्हणजे मूर्ती आमच्या पोरांच्या हातात द्या आणि काठावर आरती म्हणा. ओहोटी-भरती आम्हाला कळते.

भटकभवानी

पाकटांनाही पोलीस मित्राचं कार्ड द्या, चौपाटी पटकन रिकामी होईल.

पेन्शनीत

दिवाळीचं राहिलं. तेव्हा गर्दीपेक्षा बंद घरांची काळजी. आमच्या इमारतीत निम्मी कुटुंबं गावी जातात. दाराशी वर्तमानपत्रांचा ढीग म्हणजे चोराला आमंत्रणच. शेजाऱ्याला सांगून रोज उचलायला लावा, पेपर-दूध बंद करा, दागिने लॉकरमध्ये. आणि रेल्वेत बसल्या बसल्या 'गावाला निघालो' असा फोटो टाकू नका, परत आल्यावर टाका. जाण्याआधी बीटच्या पोलिसाला कळवलं तर गस्तीत एक फेरी होते. पण त्यासाठी खाडीपलीकडे म्हणतात तसं त्याला ओळखायला हवं.

माझ्या वयाच्या लोकांसाठी एक: दिवाळी ऑफरची लिंक दाबून पैसे गेलेच तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम मध्येच अडवण्याची शक्यता जास्त. मिरवणुकीत मोबाईल गेला तर पोलिसांत नोंद करून केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो. त्यासाठी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या मोबाईलचा स्वतःचा ओळख क्रमांक, आजच लिहून ठेवा, मोबाईल गेल्यावर तो मोबाईलमध्ये बघता येत नाही.

गच्चीवरचा

सगळ्यांचे आभार. हे सगळं छापून काल ठाण्यात गेलो. साहेब बंदोबस्ताच्या गडबडीत होते, पण एका महिला उपनिरीक्षकांनी पूर्ण वाचलं आणि 'दोरी मनगटाला गुंडाळू नका' खाली पेनाने रेघ मारली.

बारा नावं मागितली होती, आम्ही सात देतोय, त्यात तीन बायका. कार्डावर मुदत लिहिणार, दिवाळीनंतर जमा करणार, हे मान्य झालं. यादी दारावर लावायला ना नाही. काठी नाही, कोणाला अडवायचं नाही, कोणाचे फोटो काढायचे नाहीत, हे आमच्याकडून लेखी दिलं. बीटच्या हवालदारांचा नंबर मिळाला. दिवाळीनंतर दर महिन्याला बसायचं म्हटल्यावर मात्र 'बघू' आलं. त्यांच्याकडे माणसं किती, हद्द केवढी, हे ऐकल्यावर मी फार ताणलं नाही, पण नोव्हेंबरात पुन्हा जाणार आहे.

बी विंगच्या गृहस्थांना गेटवरच्या कॅमेऱ्यांचं काम दिलंय. दोन कॅमेरे कधीचे बंद होते, ते त्यांनी एका दुपारी सुरू करून घेतले.

तिरकस

अटींसकट वाचलं. माझं मत तेच आहे, माणसं पगारी हवीत. पण मुदतीचं कार्ड आणि दारावरची यादी एवढं सगळ्या ठाण्यांनी केलं तरी रानजाईसारखे प्रसंग कमी होतील.

निवृत्त_पॉइंट

सातही नावं दिली नसतीत तरी चाललं असतं, एक काम करा. विसर्जनाच्या रात्री तुमच्या क्लब हाऊसचं स्वच्छतागृह महिला पोलिसांसाठी उघडं ठेवा. तुमच्या गेटवर पॉइंट लागणारच.

गच्चीवरचा

हे कोणालाच सुचलं नव्हतं. किल्ली वॉचमनकडे ठेवतो.

रानजाई

वॉचमनकडे नको. दर वेळी त्याच्याकडे मागायला लागली तर त्या जाणारच नाहीत. दार उघडं ठेवा, दिवा चालू ठेवा, आतून कडी लागते ना तेवढं आजच बघा.

गच्चीवरचा

बघून आलो. कडी मोडलेली आहे. उद्या सुताराला बोलावतोय.